सगळंच किडनीच्या खात्यावर नको: डायलिसिसच्या रुग्णांनी कॅन्सरकडे कसं लक्ष ठेवावं

आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयाची पायरी चढणारा माणूस. दर खेपेला वजन, बीपी, महिन्याला रक्त. अशा माणसाचा कॅन्सर तरी लवकर सापडेल, असं वाटतं. बऱ्याचदा उलटं होतं. भूक गेली, किडनीमुळे. रक्त कमी झालं, किडनीमुळे. खाज, थकवा, हाडं दुखणं, अंग उतरणं, सगळं किडनीच्याच खात्यावर मांडलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. जेव्हा चुकतं, तेव्हा सहा-आठ महिने हातचे गेलेले असतात.

हे मार्गदर्शन नुकतंच डायलिसिस सुरू झालेल्यांसाठी आहे. त्याहून जास्त ते घरातल्या त्या एका माणसासाठी आहे, जो फाईल घेऊन कोल्हापूर, इचलकरंजी किंवा गडहिंग्लजच्या सेंटरबाहेर चार तास बाकावर बसलेला असतो. खरं तर नोंदी त्याच्याच हातात असतात.

आधी धोका किती ते बघू

अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८,३१,८०४ डायलिसिस रुग्णांच्या १९८० ते १९९४ या काळातल्या नोंदी एकत्र करून झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात याच वयाच्या इतर लोकांपेक्षा डायलिसिसवाल्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त आढळला. आकडा तसा मोठा नाही. पण तो फोडून बघितला की चित्र बदलतं. ३५ वर्षांखालच्या रुग्णांत धोका ३.६८ पट होता आणि वय वाढेल तसा हा फरक कमी होत गेला. किडनीचा कॅन्सर ३.६ पट, थायरॉईड आणि इतर अंतःस्रावी ग्रंथींचा २.२८ पट, मूत्राशयाचा दीडपट. विषाणूंशी संबंध असलेले काही कॅन्सरही वाढलेले दिसले. फुप्फुस, आतडं, स्तन, प्रोस्टेट आणि जठर यांच्या कॅन्सरमध्ये मात्र ठाम अशी वाढ नव्हती.

तरी एक गोष्ट पक्की करून घ्या. डायलिसिसचं मशीन कॅन्सर करत नाही. धोका येतो तो निकामी होऊन आकसलेल्या किडनीत तयार होणाऱ्या सिस्ट, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांमधून, शरीरात साचणाऱ्या घटकांनी दुबळ्या केलेल्या प्रतिकारशक्तीतून, कावीळ बी-सी आणि एचपीव्हीसारख्या विषाणूंतून, आणि कधी कधी ज्या आजाराने किंवा औषधाने किडनी गेली त्यातूनच. तेव्हा ‘डायलिसिस कमी केलं तर कॅन्सर टळेल’ असं कुणी पाहुण्याने सांगितलं तर चहा द्या आणि विषय बदला.

हे आकडे बाहेरच्या देशांचे आहेत. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मुळातच जास्त. तो भार डायलिसिसवाल्यांच्या डोक्यावरही आहेच.

पायरी १: किडनी कशामुळे गेली, हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या

हा प्रश्न विचारायचा राहून जातो. शुगर किंवा बीपी हे उत्तर मिळालं तर कॅन्सरच्या दृष्टीने वेगळं काही करायचं नसतं. पण पुढच्या चार गोष्टींपैकी एक असेल तर तपासणीची दिशाच बदलते.

दोन्ही किडन्यांना सूज, म्हणजे लघवी खाली उतरायची वाट अडलेली. मुतखडा नसेल तर बाईच्या बाबतीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आणि पुरुषाच्या बाबतीत प्रोस्टेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. गर्भाशयाच्या मुखाची गाठ दोन्ही बाजूंच्या मूत्रनलिका दाबू शकते आणि कधी कधी बाई पहिल्यांदा रुग्णालयात येते ती क्रिएटिनिन वाढलं म्हणूनच. अशा वेळी स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकली तर किडनी काही प्रमाणात परत चालू लागते. म्हणून ही तपासणी सुरुवातीलाच हवी.

दुसरं, मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर. पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस, शुगर-बीपीचा फारसा इतिहास नाही, किडनी काही महिन्यांत बसली, पाठ सतत दुखते आणि कॅल्शियम वर गेलंय. एवढं जुळलं तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. लाइट चेनच्या कप्पा-लॅम्डा गुणोत्तराची नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५ असते. किडनी निकामी असेल तर ती ०.३७ ते ३.१ धरतात. लॅबचा रिपोर्ट साध्या मर्यादेवरून आकडा ठळक करतो आणि घरचे घाबरतात. २.४ आलं असेल तर एवढ्यावरून मायलोमा ठरत नाही.

तिसरं, सायक्लोफॉस्फमाइड. ल्युपस किंवा किडनीच्या सुजेसाठी हे औषध पूर्वी बरेच महिने घेतलं असेल तर पुढे अनेक वर्षं मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका राहतो. जुने कागद शोधून एकूण किती डोस झाले ते लिहून ठेवा.

चौथं, जडीबुटी. ईश्वरी किंवा सापसन नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलीच्या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी खराब करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांतून ते अनेक बायकांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या गेल्या. कुठलाही बिननावाचा काढा किंवा पुडी आधी घेतली असेल तर न लाजता सांगा. आता घेत असाल तर आजच बंद करा.

पायरी २: एका पानावर चार रकाने

दोनशे पानी वहीतलं एक पान पुरतं. तारीख, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), हिमोग्लोबिन, आणि त्या महिन्यात रक्तवाढीची इंजेक्शनं किती. महिन्यातून एकदा भरायचं. कॅल्शियमचा रिपोर्ट येईल तेव्हा तो शेजारी लिहायचा.

या चार रकान्यांना एवढं महत्त्व का, ते वजनावरून समजेल. समजा तुमचं ड्राय वेट ५८ किलो ठरलंय. भूक नाही, जेवण निम्म्यावर आलं, आणि तीन महिन्यांत अंगावरचं २ किलो मांस-चरबी उतरली. निरोगी माणसाचा काटा ५६ दाखवील. तुमचा दाखवत नाही. कारण टेक्निशियन दर वेळी ५८ पर्यंतच पाणी काढतो, आणि उतरलेल्या मांसाच्या जागी २ लिटर पाणी अंगात राहतं. फाईलमध्ये ५८ च्या खाली ५८ लिहिलेलं. घरचे म्हणतात, वजन तर तेवढंच आहे. खुणा दुसरीकडे दिसतात. बीपी गोळ्यांना दाद देत नाही, पायाला बोट दाबलं की खळगा राहतो, रात्री आडवं झालं की धाप लागते. मग कुणीतरी ड्राय वेट ५६ करतं, धाप जाते, आणि विषय संपतो.

तिथे तो संपू देऊ नका. पथ्य बदललं नसताना ड्राय वेट दोन-तीन महिन्यांत २-३ किलोंनी खाली आणावं लागलं, तर ‘मांस कशामुळे उतरलं?’ हा प्रश्न विचारायचाच. उत्तरं साधारण या क्रमाने शोधतात: डायलिसिस पुरेसं होत नाही (आठवड्यातून दोनदाच डायलिसिसला बसणाऱ्यांत हे नेहमीचं), प्रोटीन कमी पडतंय, कुठे जंतुसंसर्ग आहे, टीबी आहे, आणि मग कॅन्सर. चेहऱ्याची गालफडं बसणं आणि ब्लाउजच्या बाह्या किंवा मनगटावरचं घड्याळ सैल होणं, हे काट्यापेक्षा खरं सांगतं.

हिमोग्लोबिनचंही तसंच. डायलिसिसवर ते १० ते ११.५ च्या आसपास ठेवतात. इंजेक्शनचा डोस वाढवत नेला आणि आकडा तरी घसरतोय, तर आधी लोह, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पॅराथायरॉईड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी) बघतात. यातलं काहीच सापडलं नाही तर आत लपलेला कॅन्सर किंवा मायलोमा शोधायचा. आणि याच्या उलट प्रकाराकडे तर कुणीच लक्ष देत नाही, कारण त्याने सगळे खूश होतात: इंजेक्शनं बंद केली तरी हिमोग्लोबिन १३ च्या वर चढत चाललंय. किडनीतल्या सिस्ट आणि काही गाठी स्वतःच एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्त वाढवणारा हार्मोन बनवतात. असं दिसलं तर पेढे वाटायच्या आधी सोनोग्राफी करून घ्या.

कॅल्शियम वाढलं तर बहुधा कॅल्शियमच्या किंवा व्हिटॅमिन डीच्या गोळ्या जास्त झालेल्या असतात, नाहीतर पॅराथायरॉईड हार्मोन वाढलेला असतो. गोळ्या थांबवल्या, हार्मोनही कमी आहे, आणि कॅल्शियम तरी वरच आहे. मग टीबी, मायलोमा किंवा दुसरा कॅन्सर बघावा लागतो.

या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी वेळ आली की शिरोळ-करवीरच्या पूरपट्ट्यातल्या माणसाला मिळेल त्या सेंटरला बसावं लागतं, आणि तिथल्या डॉक्टरकडे तुमची फाईल नसते.

पायरी ३: महिन्यातून एकदा तोंड उघडून बघा

तपासण्यांमधली ही सगळ्यात स्वस्त. आपल्या भागात, तंबाखूचं निपाणी हाकेच्या अंतरावर असताना, सगळ्यात गरजेचीही. तंबाखू-चुना, मावा, गुटखा आणि बायकांची मिश्री, सगळे यात आले. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ हे वाक्य तपासणीत दर वेळी ऐकू येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

आरसा आणि मोबाईलची बॅटरी घ्या. कवळी असेल तर काढा. चूळ भरा, पाणी थुंका, गिळू नका, तेवढंच पाणी वाचतं. ओठ उलटून बघा. बोटाने गाल बाजूला ओढून आतली बाजू बघा. तंबाखूची चिमूट ज्या ठिकाणी ठेवता, ती जागा जास्त नीट बघा. हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा, आणि जीभ वर उचलून खालची जमीन. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपा. शेवटी आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडतंय.

पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, विनाकारण हलायला लागलेला दात, गळ्यातली टणक गाठ: यातलं काहीही असेल तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. डायलिसिसमुळे तोंड कोरडं पडतं, चव जाते, कडवट वास येतो, हे खरं. पण त्याने एकाच जागी न भरणारा व्रण होत नाही.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे. निकोटिनचं च्युइंगगम किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, निकामी किडनीत निकोटिन अंगात जास्त वेळ राहतं.

पायरी ४: कावीळ बी आणि सी

हे दोन्ही विषाणू यकृताचा कॅन्सर करू शकतात आणि दोन्ही डायलिसिस सेंटरमध्ये पसरू शकतात. कावीळ बीची लस साध्या माणसाला २० मायक्रोग्रॅमची देतात, डायलिसिसवाल्याला दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. बहुतेक ठिकाणी ०, १, २ आणि ६ महिन्यांना असे चार डोस. चौथा डोस राहतो. सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून तारीख आजच कॅलेंडरवर मांडा. शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची. १० च्या खाली असेल तर लस पुन्हा द्यावी लागते. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी.

कावीळ सीला लस नाही, पण गोळ्यांनी ती बरी होते. सोफोसबुविर-वेलपाटासविर ही जोडगोळी साधारण १२ आठवडे, डायलिसिसवर असतानाही. ‘डायलिसिस चालू आहे तोवर उपचार नको’ हा सल्ला जुना झाला. यकृत आधीच आकसलेलं (सिरॉसिस) असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी चालू ठेवायची.

पायरी ५: आकसलेल्या किडनीची सोनोग्राफी

चालत नाही म्हणून ती किडनी कुणी बघत नाही. पण डायलिसिसची वर्षं वाढतील तशा या छोट्या, निबर किडन्यांत पाण्याच्या सिस्ट तयार होऊ लागतात. दहा वर्षांनंतर त्या बहुतेकांत सापडतात. जन्मतः येणाऱ्या पॉलिसिस्टिक किडनीपेक्षा हा प्रकार वेगळा. तिच्यात किडनी फुगून मोठी होते, इथे ती लहानच असते. यातल्या थोड्या सिस्टमध्ये पुढे कॅन्सर होतो. तो बहुधा हळू वाढतो आणि लहान असताना सापडला तर किडनी काढून प्रश्न मिटतो. ती किडनी तशीही काम करत नसते.

कुणी करायची? प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेल्या आणि ३ किंवा जास्त वर्षं डायलिसिस झालेल्या प्रत्येकाने. घरात किडनीच्या कॅन्सरचा इतिहास असेल, सिस्ट आधीच दिसल्या असतील, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्या असतील, त्यांनीही. तरुण रुग्णांनी डायलिसिसला तीन-चार वर्षं झाल्यावर वर्षातून एकदा करून घ्यावी, असं आमचं मत. पंचाहत्तरीच्या, हृदय कमजोर झालेल्या आजोबांना मात्र यासाठी ओढत नेऊ नका.

आता तिथे काय बिघडतं ते बघा. सेंटरवर फोन केला की ठरलेलं उत्तर येतं: ‘चार-पाच ग्लास पाणी पिऊन, लघवी रोखून या.’ डायलिसिसच्या रुग्णाने हे करायचं नाही. लघवीच होत नसेल तर मूत्राशय भरणार नाही, आणि ते लिटरभर पाणी छातीत जाऊन बसेल. किडनी बघायला भरलेलं मूत्राशय लागतही नाही. बायकांचं गर्भाशय-अंडाशय बघायचं असेल तर योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीला पाणी लागत नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जा, तेव्हा अंगात पाणी कमी असतं आणि हेपॅरिनही (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) उतरलेलं असतं.

चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ असेल तर रिपोर्टमध्ये एका ओळीत ‘किडन्या लहान, जुना आजार’ असं येतं. ते पुरत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: डायलिसिस किती वर्षं, आणि शंका कशाची. रिपोर्टमध्ये या गोष्टी हव्यात: प्रत्येक किडनीची लांबी, सिस्ट किती, सर्वांत मोठी किती, कुठे घट्ट भाग आहे का, आणि डॉपलरवर त्यात रक्तप्रवाह दिसतो का. पुढच्या वर्षी त्याच सेंटरला जा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. ९ मिलिमीटरचं २२ झालं, हे तुलना केल्याशिवाय कळत नाही.

शंका आली तर पुढची पायरी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी. लघवी पूर्ण बंद असेल तर कॉन्ट्रास्टने किडनीचं आणखी काही बिघडणार नाही, आणि त्यासाठी लगेच जादा डायलिसिसही लागत नाही. ठरलेल्या डायलिसिसला बसलात तरी चालतं. दिवसाला अर्धा लिटर लघवी होत असेल तर मात्र ती जपायची आहे, आधी किडनीच्या डॉक्टरांशी (नेफ्रॉलॉजिस्ट) बोला. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं, म्हणजे गॅडोलिनियमचं निराळं. जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे डायलिसिसवाल्यांची कातडी आणि सांधे कायमचे आखडल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं. नव्या प्रकारांत हा धोका फारच कमी आहे. म्हणून कुठलं औषध देणार ते आधी विचारा, आणि एमआरआय डायलिसिसच्या पाळीच्या अगदी आधी ठेवा.

पायरी ६: बायकांनी पुढे ढकलू नये असं

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे करतात. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, एवढंच बघतात. पाळी गेल्यावर ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही. मग पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणी करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात विचारा.

डायलिसिसवर पाळी अनियमित होते आणि हेपॅरिनमुळे जास्तही जाते. पण पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, तर ते हेपॅरिनवर ढकलायचं नाही, एकच डाग असला तरी नाही.

मॅमोग्राफी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करा, नाहीतर दाबामुळे काळंनिळं होतं. छातीत डायलिसिसची नळी असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा. फिल्मवर रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम रुळासारख्या दोन समांतर रेघांत दिसतं. किडनीच्या रुग्णांत ते नेहमीचं. रिपोर्ट वाचणाऱ्याला डायलिसिस चालू असल्याचं ठाऊक असलं की उगाच सुई घालणं टळतं.

पायरी ७: पैसे वाचवा, ‘फुल बॉडी कॅन्सर पॅकेज’ घेऊ नका

दिवाळीच्या सुमारास लॅबच्या ऑफर येतात, त्यात ट्यूमर मार्करची, म्हणजे कॅन्सरची शंका दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांची रांग असते. डायलिसिसच्या माणसासाठी ही रांग म्हणजे विकत घेतलेली झोपमोड. सीईए, सीए १९-९ आणि बीटा-एचसीजी कॅन्सर नसतानाही वाढलेले येऊ शकतात. सीए-१२५ तर पोटात किंवा छातीत पाणी असलं की वाढतंच, पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांत विशेष. प्रोस्टेटच्या पीएसएचा एकूण आकडा वापरता येतो, पण ‘फ्री’ पीएसएचं प्रमाण किडनी नसताना फसवं ठरतं. यकृतासाठीचं अल्फा-फीटोप्रोटीन बऱ्यापैकी विश्वासू.

शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणीही हेपॅरिन आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांमुळे उगाच पॉझिटिव्ह येते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं ते वेगळं. ते हिरवट-काळं आणि घट्ट असतं. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं असेल तर वरच्या आतड्यातून रक्त जातंय, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोलोनोस्कोपी करायची वेळ आलीच, तर पोट साफ करायचं औषध पॉलिएथिलिन ग्लायकॉलचं हवं. सोडियम फॉस्फेटचं द्रावण किंवा एनिमा आणि मॅग्नेशियमचं औषध डायलिसिसवाल्याला घातक. आदल्या दिवशीच्या ‘फक्त पातळ पदार्थ’ या छापील यादीत नारळपाणी आणि फळांचा रस हमखास असतो. त्यातलं पोटॅशियम रात्रीत चढतं. ते दोन्ही खोडून टाका.

लक्षण नसताना करायची तपासणी आणि लक्षण असताना करायची तपासणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वय आणि प्रत्यारोपणाची शक्यता बघून ठरवायची, कित्येकांना ती नकोच. दुसरी कुठल्याही वयात करायची. कुशीत नवं दुखणं, लघवी होत नसताना मूत्रमार्गातून आलेला रक्ताचा थेंब, गिळताना अडकणं, महिनाभर बसलेला आवाज, न दुखणारी वाढती गाठ: एवढं सांगायला पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका.

पायरी ८: तुकडा काढायचा ठरला तर

निकामी किडनीत प्लेटलेट संख्येने असतात, पण नीट चिकटत नाहीत. म्हणून बायोप्सी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवा आणि आदल्या दिवशीचं डायलिसिस हेपॅरिनशिवाय करायला सांगा. बायोप्सीनंतरच्या डायलिसिसलाही याची आठवण करून द्यावी लागते. शिफ्ट बदलते, माणूस बदलतो आणि हेपॅरिनची सिरिंज सवयीने जोडली जाते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर नाहीच नाही.

गळ्यातली किंवा काखेतली गाठ असेल तर आपल्याकडे टीबी आणि लिम्फोमा (अशा गाठींचाच कॅन्सर) दोन्ही शक्य, आणि डायलिसिसवर टीबीही जास्त होतो. बघून फरक कळत नाही, म्हणून तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या सुरू करायला लगेच ‘हो’ म्हणू नका. सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला तर त्यातून टीबीचं कल्चर करता येत नाही. एक भाग फॉर्मालिनमध्ये, दुसरा साध्या सलाईनमध्ये. थिएटरमध्ये नेण्याआधी दोन बाटल्या ठेवल्यात का, ते विचारा.

कॅन्सर निघाला तर

दोन डॉक्टर एकमेकांशी बोलायला हवेत, नुसती चिठ्ठी पोचवून भागत नाही. का, ते एका औषधावरून बघा. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या गाळण्याच्या वेगावर काढतात: त्या वेगात २५ मिळवायचे आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तो आकडा ५ असेल तर १०० वेगाच्या निरोगी किडनीला ६२५ मिलिग्रॅम लागतात. डायलिसिसवाल्याचा वेग शून्य, म्हणजे फक्त १२५. कुठल्या डोसनंतर किती तासांनी डायलिसिस, हेही दोघांनी मिळून ठरवायचं असतं. मेथोट्रेक्सेट डायलिसिसवर द्यायचं नसतं, कॅपेसिटाबिन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडही टाळतात.

ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेली रक्तवाहिनी आहे, त्याला केमोची सुई नको, बीपीचा पट्टाही नको. दुसऱ्या हातातही दंडातून आत जाणारी लांब नळी टाकू देऊ नका. तिने शिरा बंद पडतात आणि पुढचा फिस्टुला करायला जागा उरत नाही. केमो लांबणार असेल तर पोर्टबद्दल (केमोसाठी कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) विचारा, आणि तो फिस्टुलाच्या विरुद्ध बाजूला हवा.

दुखण्यासाठी मॉर्फिन टाळतात. त्याचे उरलेले घटक अंगात साचतात, माणूस गुंगीत जातो आणि श्वास मंदावतो. फेंटानिलची पट्टी त्यामानाने सुरक्षित. रक्तवाढीच्या इंजेक्शनांचा डोसही कॅन्सर असताना नव्याने ठरवावा लागतो, जुनाच चालू ठेवायचा नसतो. रेडिएशन साधारण सोमवार ते शुक्रवार रोज असतं, तेव्हा डायलिसिसची शिफ्ट सकाळची की संध्याकाळची ते पहिल्या दिवसाआधीच बदलून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसही आहे आणि कॅन्सरही. दोन्ही उपचार दोन वेगळ्या रुग्णालयांत चालणार असतील तर दोन्हीकडच्या आरोग्यमित्राला आधीच सांगा. मदतीचा क्रमांक १५५३८८.

प्रत्यारोपणाचं काय?

कॅन्सर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेली ३ सेंटिमीटरपेक्षा लहान किडनीची गाठ काढली, तर थांबावंही लागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरनंतर निदान २ वर्षं, पुढच्या टप्प्यात ५ वर्षांपर्यंत थांबवतात. ही वर्षं उपचार पूर्ण झाल्यापासून मोजतात, म्हणून शेवटच्या केमोची किंवा रेडिएशनची तारीख असलेला कागद लॅमिनेट करून ठेवा.

प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे कॅन्सरचा धोका कमी होत नाही, वाढतो. आणि जुन्या दोन किडन्या बहुधा आतच असतात. नवी किडनी ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ बसवलेली असते. सोनोग्राफी करणारा तिथेच प्रोब ठेवून तिचीच मापं घेतो. त्याला सांगा, ‘वरच्या जुन्या दोन्हीही बघा,’ आणि त्यांची लांबी रिपोर्टात आली आहे का, ते बाहेर पडण्यापूर्वी वाचून घ्या.